आंब्यामागचं घर

निषादला 'जसंच्या तसं' या शब्दाचा राग आहे. चित्र बघून कुणी कौतुकाने म्हणालं, "वा, अगदी जसंच्या तसं काढलंय हो," की याचा चेहरा आंबट होतो. मग तो समोरच्याला धरून समजावतो, की जसंच्या तसं हवं असेल तर मोबाईल आहे, त्यासाठी चित्रकार कशाला पोसायचा. समोरचा बिचारा चार चांगले शब्द बोलायला गेलेला असतो. मी नवऱ्याच्या वतीने हसते, चहाचं विचारते आणि वेळ मारून नेते. लग्न झाल्यापासून हे खातं माझ्याकडेच आहे.

आम्ही दोघं परभणीकडचे. तिकडे आभाळाकडे बघणं हा छंद नसतो, ती गरज असते. निषाद लहानपणी गच्चीवर उताणा पडून ढगांची वाट बघायचा आणि ढग न बरसता पुढे गेले की रुसून जेवायचा नाही, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. पुढे मला माणजवळच्या आयटी कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. एका रविवारी मुळशीला फिरायला गेलो, तेव्हा धरणाच्या पाण्यावरून पाऊस चालत येताना त्याने पाहिला. 'चालत येताना' हे त्याचे शब्द. त्या दिवशी तो गाडीत बसायलाच तयार होईना. शेवटी आम्ही इथेच घर केलं. मी रोज माणला जाते, येते, वाटेतल्या ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडते. तो पाऊस बघतो. आमच्या घरातली कामाची वाटणी अशी आहे.

मी टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, घरी तेच काम फुकटात करते.

तेव्हाचा पाऊस वेगळा होता. आठवडाच्या आठवडा एका लयीत पडायचा. कपडे वाळायचे नाहीत, मिठाला पाणी सुटायचं, कागद वाळायचा नाही. निषाद ओल्या कागदावर रंग सोडून द्यायचा आणि तो दुपारभर आपला आपण पसरत राहायचा. ज्या धूसर चित्रांमुळे त्याचं नाव झालं, ती निम्मी इथल्या हवेने काढलेली आहेत. आता भर श्रावणात कडक ऊन पडतं, कागद पापडासारखा वाळून वर येतो, आणि मग एखाद्या दुपारी आठवड्याचं पाणी तासाभरात ओतून ढग निघून जातो. हे बदललंय, हे निषादला बातम्यांच्या आधी कळलं. त्याला ते कागद वाळण्यावरून कळलं. तो घाबरला, अगदी खरा घाबरला, आणि त्या भीतीतूनच त्याची नवी चित्रं आली.

त्या चित्रांसाठी तो खूप फिरला. लडाखमध्ये जाऊन मागे सरकलेली हिमनदी काढली, सुंदरबनात खारं पाणी शिरलेली शेतं काढली, कोकणातला ढासळलेला किनारा काढला, आमच्या परभणीची गारपीटही काढली. मुंबईला प्रदर्शन लागलं, पेपरात लेख आले. मी त्याला चिडवायचे, की जग तापतंय हे बघायला तू विमानाने जातोस, म्हणजे तापवायला तुझाही हातभार लागला. तो हसायचा नाही. या एका विषयावर त्याच्यापुढे विनोद चालत नाही.

या सगळ्या चित्रांत एकही माणूस नाही. लडाखमध्ये ज्या गावात पूर आला होता, तिथे तो एका घरी राहिला होता. त्या घरच्या बाईने त्याला आजारपणात आपल्या हाताने खाऊ घातलं, तिच्या गोष्टी त्याने मला कितीदा सांगितल्या. चित्रात मात्र ती बाई नाही, तिचं घरही नाही. डोंगर आहे, ओहळ आहे, सरळ वाढलेली झाडं आहेत. मी विचारलं तर म्हणाला, "माणूस आला की बघणारा माणसाकडे बघतो, स्वरदा. आभाळाकडे कोण बघणार?" मला काही ते पटलं नव्हतं. पण चित्रकार तो आहे.

आमच्या घराच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी बौद्ध वस्ती आहे. सगळे तिला नुसतं वाडी म्हणतात. थोडी घरं, एक विहार, पुढे भातखाचरं. तिथल्या प्रभावतीताईंशी माझी पहिल्याच वर्षी ओळख झाली. पावसात वीज गेली ती चार दिवस आलीच नाही, गॅस संपलेला, आणि या बाई डोक्यावर इरलं घेऊन भाकऱ्या आणि खेकड्यांचा रस्सा घेऊन दारात उभ्या. त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. परभणीची माणसं पावसात काय दिवे लावणार, हे त्यांनी ओळखलं होतं. तेव्हापासून त्या आल्या की आमची बैठक स्वयंपाकघरात भरते. त्यांचे यजमान आनंदा भातशेती करतात, आणि वाडीत काही ठरवायचं असेल तर शेवटचा शब्द त्यांचा असतो.

विहाराला नवं प्लास्टर झालं, त्या वर्षी वाडीने निषादकडे चित्र मागितलं. आपल्या वाडीचं. तो समोरच्या बांधावर बसला आणि काढायला लागला. डोंगर, धुकं, विहार, आणि विहाराच्या मागून उतरणारा ओढा. वाडीत त्याला व्हळ म्हणतात. काढता काढता त्याचं अडलं. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात प्रभावतीताईंचं घर येत होतं. पत्र्याचं छप्पर, त्यावर निळं प्लास्टिक, प्लास्टिक उडू नये म्हणून वर ठेवलेले जुने टायर. त्या निळ्यामुळे धुक्याचा करडा रंग मरत होता. मग त्याने ते घर घेतलंच नाही. घर गेलं म्हणून कोपरा रिकामा दिसायला लागला. कोपरा रिकामा दिसला म्हणून त्याने तिथे एक डेरेदार आंबा उभा केला, आणि विहाराच्या मागचा ओढा उचलून आंब्याच्या बुडाशी आणून सोडला. चित्र सुंदर झालं, यात वाद नाही.

जयंतीच्या दिवशी ते विहाराच्या भिंतीवर लागलं. सगळी वाडी समोर उभी राहून आपापली घरं शोधत होती. हे आमचं, ही तुमची ओसरी. प्रभावतीताई बराच वेळ चित्राच्या जवळ बोट नेऊन, पण न टेकवता, शोधत राहिल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "भाऊ, माजं घर कुटं दिसंना."

निषाद गडबडला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, "आंब्याच्या मागे आहे, वहिनी."

लोक हसले. त्याही हसल्या. म्हणाल्या, बरं झालं, दारात कधी आंबा लागला न्हाई, चित्रात तरी सावली पडली. पुढे त्यांनी हे इतकं मनावर घेतलं, की पाहुणा आला की त्याला विहारात नेऊन दाखवायच्या. लेकीच्या, वैशालीच्या सोयरिकीला माणसं आली, तेव्हा त्यांनाही दाखवलं. त्यो आंबा हाय न्हवं, त्याच्यामागं आमचं घर. पाहुणे म्हणायचे, जसंच्या तसं काढलंय. ते ऐकून निषादने कधी कुणाला काही समजावलं नाही, हे मी तेव्हाच टिपलं होतं.

मग डोंगराच्या उतारावर एक रिसॉर्ट झालं. व्हळ पावसाळाभर वाहायचा आणि उन्हाळ्यात नुसते दगड उरायचे. रिसॉर्टवाल्यांनी तो मुरूम टाकून बुजवला आणि वर गाड्या लावायला जागा केली. तेव्हा फार कुणी बोललं नाही, कारण वाडीतल्या काहींना तिथे काम मिळालं होतं आणि पाऊस अजून जुन्या चालीचा होता. पाणी कुठे ना कुठे मुरत होतं. पाऊस बदलला तसं ते मुरेना. गेल्या श्रावणात एका दुपारी ढग फुटल्यासारखं झालं आणि सगळं पाणी पार्किंगच्या भिंतीवरून उडी घेऊन वाडीत शिरलं. प्रभावतीताईंचं घर सगळ्यात खाली. तोवर आनंदांनी पत्रा काढून विटांच्या भिंती आणि स्लॅब घातला होता, तेवढ्यामुळे घर उभं राहिलं. आतला वर्षाचा तांदूळ गेला, शिलाई मशिन गेलं, दावणीची शेळी गेली. पाणी ओसरल्यावर त्या चिखलात उभ्या राहून भिंतीवरची ओल कुठवर आली ते हाताने चाचपत होत्या. मला बघवेना.

वाडीने अर्ज केले. मागणी एकच होती: पुढच्या पावसाच्या आत आमचा व्हळ मोकळा करा. त्यावर घर टिकणार की जाणार, हे ठरणार होतं. अर्ज फिरले, उत्तरं आली, उत्तरांना उत्तरं गेली. उन्हाळ्यात एकदाचे एका खात्याचे साहेब पाहणीला आले. मी ऑफिसात होते, त्यामुळे पुढचं मला संध्याकाळी निषादकडून कळलं.

साहेबांनी नकाशा पसरला, तर त्यात ओढाच नव्हता. इतका लहान ओहळ नकाशात यायचा कशाला? रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, इथे कधीच काही वाहत नव्हतं. साहेब म्हणाले, तोंडी सांगून भागणार नाही, जुना फोटो वगैरे काही आहे का? फोटो होते, पण सगळे लग्नातले. त्यांत नवरा-नवरी होती, मंडप होता, ओढा कुठून असणार? तेव्हा कुणाला तरी विहारातलं चित्र आठवलं. साहेबांना ते एकदम आवडलं. खाली सही होती, सन होता, दोन हजार बारा. चित्रकार तिथेच उभा. साहेब म्हणाले, हे तेव्हाच्या परिस्थितीप्रमाणे आहे असं लिहून द्या, म्हणजे मला पुढे सरकता येईल.

निषाद थबकला. आनंदांनी त्याला बाजूला घेतलं. "लिवून द्या, भाऊ. व्हळ हुता का न्हवता? हुता. मंग झालं तर. एकदा मशिन हितं आली, की कुटं खणायचं ते आमी बघू."

आणि याने लिहून दिलं. 'हे चित्र मी प्रत्यक्ष जागेवर बसून जसंच्या तसं काढलेलं आहे.' खाली सही.

संध्याकाळी मला हे सांगताना तो खुशीत होता. म्हणाला, आजवर माझी चित्रं लोकांच्या दिवाणखान्यात गेली. पहिल्यांदा एखादं चित्र कुणाच्या उपयोगी पडतंय. माझं डोकं फिरलं. ज्या शब्दावरून आयुष्यभर लोकांशी वाद घातलास, तोच लिहून दिलास? ओढा तिथे नव्हता, हे तुला ठाऊक आहे. तो म्हणाला, होता तर खरा ना, जागा थोडी इकडची तिकडे. मी म्हटलं, पाण्याला जागा इकडची तिकडे चालत नाही. त्या रात्री आम्ही एकमेकांशी न बोलता जेवलो. पण खरं सांगायचं तर मीही नुसत्या ओढ्यावरूनच भांडत होते. घराचं माझ्या डोक्यात आलंच नाही.

ते साहेबांच्या डोक्यात आलं. जूनच्या एका शनिवारी ते पुन्हा आले, हातात चित्राची रंगीत झेरॉक्स. सोबत मोजणीची टेप धरायला माणसं. मी घरी होते, म्हणून खाली गेले. साहेब नेमके त्या बांधावर जाऊन उभे राहिले जिथे बसून निषादने चित्र काढलं होतं. एकदा कागद बघत, एकदा समोर. विहाराच्या कोपऱ्यापासून त्यांनी मापं घेतली. सरकारी काम इतकं मन लावून झालेलं मी प्रथमच पाहत होते, आणि मला त्याचं बरंही वाटलं. मग टेप धरणारी माणसं चालत चालत आनंदांच्या ओट्यावर चढली.

साहेब माणूस वाईट नव्हता. एखादं गणित सोडवून दाखवावं तसं त्यांनी शांतपणे सांगितलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, इथे ओढा होता. पण तो रिसॉर्टच्या बाजूने नव्हताच, तो इथून होता. दोन हजार बारा साली या जागेवर ओढा दिसतो, घर दिसत नाही. आज घर दिसतं, ओढा दिसत नाही. म्हणजे ओढा या घराने अडवला. म्हणूनच पाणी या घरात आलं. घर काढून घ्या, आम्ही लगेच ओढा मोकळा करून देतो.

आनंदा घाईघाईने आत जाऊन घरपट्टीच्या पावत्या घेऊन आले. त्या विटांच्या भिंती झाल्यानंतरच्या होत्या, म्हणजे चित्रानंतरच्या. साहेबांनी त्या नीट वाचल्या आणि नीट परत दिल्या. मॅनेजर मोबाईलमध्ये बघत होता. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती. मी निषादकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात प्रभावतीताई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांत शांत त्याच होत्या. त्यांच्याजवळ उत्तर होतं.

"साहेब, घर हाय की त्यात," त्या म्हणाल्या. "ह्या आंब्याच्या मागं हाय. म्हून दिसंना तुमास्नी."

साहेबांनी झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली. मग अंगणाकडे पाहिलं. आंबा कुठे आहे, त्यांनी विचारलं. आनंदा पटकन म्हणाले, वादळात पडला. त्याच क्षणी मागून दुसरं कुणी म्हणालं, तोडला. साहेबांनी दोघांकडे पाहिलं. इतकं मोठं झाड, त्याचं खोड कुठे आहे, बुंधा कुठे आहे? कधीच नसलेल्या आंब्यासाठी अख्खी वाडी खोटं बोलायला उभी राहिली होती आणि कुणाला ते जमत नव्हतं.

"भाऊंना इचारा की," प्रभावतीताई म्हणाल्या. "त्यांनीच काढलंय. मला त्यांनीच सांगितलंय."

सगळे निषादकडे वळले. मला वाटलं, हा आता हो म्हणेल. हो म्हणणं किती सोपं होतं. आंब्याच्या मागे घर होतं, एवढंच. पण हो म्हटलं की ओढा त्या आंब्याच्या बुडाशीच राहणार होता, टेप घर सोडून अंगणातून गेली असती आणि पार्किंगखालच्या खऱ्या ओढ्याचं नाव कायमचं पुसलं गेलं असतं.

"आंबा नव्हता," निषाद म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "घर होतं. मी ते काढलं नाही. ओढा विहाराच्या मागून होता, पार्किंग आहे तिथून. मी तो इकडे आणला."

"का?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"कोपरा रिकामा वाटत होता."

साहेबांनी पिशवीतून त्याने लिहून दिलेला कागद काढला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. निषाद म्हणाला, ते खोटं लिहिलंय. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मग हे चित्र आता कुणाच्याच बाजूने चालणार नाही. घराला काही नोटीस येणार नाही, पण ओढ्याचाही पुरावा उरला नाही. दुसरं काही मिळालं तर घेऊन या. मॅनेजरने मोबाईल खिशात टाकला आणि साहेबांना चहाला चला म्हणाला. ते गेले नाहीत, सरळ गाडीत बसले. एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

माणसं पांगली. आनंदा नुसती मान हलवून खाचराकडे चालू लागले, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे यायचे बंद झाले. ओट्यापाशी आम्ही तिघंच उरलो. प्रभावतीताईंना ओढ्याचं किंवा नोटिशीचं काही विचारायचं नव्हतं.

"मंजी आंब्यामागं न्हवतंच?"

"नव्हतं, वहिनी."

"मंग कुटं हुतं?"

"कुठेच नव्हतं."

त्यांनी हाताचं पीठ झटकलं, जे वाळून बोटांना धरलं होतं ते पदराला पुसलं, आणि आत गेल्या. दार लावलं नाही, पण मला आत जायचा धीर झाला नाही. मला लाज वाटत होती. नवऱ्याची वाटत होती आणि आपलीही, कारण त्या चित्राची गंमत मीही इतकी वर्षं लोकांना रंगवून सांगितली होती.

पुढचे दिवस निषादने रंगांना हात लावला नाही. जुने फोटो मिळतात का ते बघत घरोघर फिरला, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला, खरं काय ते स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून दिलं. ते वाचून एक जण त्याला म्हणाला म्हणे, आधीचं खरं धरायचं की आताचं, हे आधी तुम्ही ठरवा. विहारातलं चित्र कुणी उतरवलं नाही. फक्त प्रभावतीताई पाहुण्यांना ते दाखवायच्या बंद झाल्या. माझ्याकडे यायच्या, भाजीपाल्याचं बोलायच्या, वैशालीचं सांगायच्या. निषाद आत आला की त्यांना घरचं काम आठवायचं.

जुलै जवळजवळ कोरडा गेला. लावणी रखडली, वाफ्यातली भाताची रोपं पिवळी पडायला लागली. वाडी दोन्हीकडून अडकली होती: पाऊस पडावा असंही वाटे आणि पडू नये असंही. निषाद व्हरांड्यात बसून आभाळाकडे बघायचा. पूर्वी तो ढग बघायचा तेव्हा त्याच्या बोटांची आपोआप चाळवाचाळव व्हायची. आता हात मांडीवर पडलेले असत.

ऑगस्टमध्ये एका दुपारी पाऊस आला. मी घरूनच काम करत होते, मीटिंग चालू होती, आणि बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येईना. खिडकीबाहेर धरण नाहीसं झालं होतं. निषाद केव्हाच खाली धावला होता. मी लॅपटॉप तसाच टाकून त्याच्या मागे गेले. पार्किंगच्या भिंतीवरून लाल पाणी कोसळत होतं. ते विहाराच्या मागून, जुन्या व्हळाच्या वाटेनेच निघालं होतं; त्याला नकाशा लागला नाही की चित्र लागलं नाही. पण वाट बुजलेली, म्हणून पुढे येऊन ते वाडीभर पसरलं. आम्ही म्हाताऱ्यांना हाताला धरून वर आणलं. काही जण शाळेत गेले, काही आमच्याकडे आले. आनंदाही आले. न बोलता निषादच्या हातातलं पोतं त्यांनी दुसऱ्या टोकाने उचललं आणि दोघांनी मिळून ते वर चढवलं. घराची मागची भिंत बसली, एवढंच ते मला म्हणाले.

आमच्या घरात मोठी खोली एकच, निषादच्या कामाची. तिथे सतरंज्या घातल्या. प्रभावतीताईंना मी माझी कोरडी साडी दिली, चहा दिला. प्रदर्शन दिल्लीला जायचं होतं, त्यामुळे चारही भिंतींवर चित्रं टांगलेली होती. त्या थोडा वेळ भिंतीला टेकून बसल्या. मग कप हातात घेऊन उठल्या आणि एकेका चित्रासमोर जाऊन उभ्या राहू लागल्या. सुंदरबन बघितलं, कोकण बघितलं. लडाखपाशी थांबल्या. तपकिरी डोंगर, ओहळ, सरळ वाढलेली झाडं. त्यांनी बोट चित्राच्या जवळ नेलं, पण टेकवलं नाही, आणि ते झाडाझाडाशी सरकवत नेलं. त्या काय शोधताहेत, हे मला त्यांच्या आधी कळलं. निषाद दारात ओला उभा होता.

"भाऊ," त्यांनी मागे वळून विचारलं. टोमणा नव्हता त्यात, मला त्यांचा आवाज माहीत आहे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "ह्यात घर कशाच्या मागं हाय?"

बाहेर पाणी चाललंच होतं. निषादने चित्राकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो तसाच ओला पुढे येऊन त्यांच्या शेजारी चित्रासमोर उभा राहिला.